ट्रॅव्हल ट्रेलरमधले दिवे मिणमिणतात, पण मीटरवर १२ व्होल्ट दिसतात

चाकावरचं_घर

नमस्कार मंडळी,

कॅम्पिंगच्या जुन्या धाग्यावर ट्रेलर ओढणारे बरेच जण दिसले, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

आम्ही मिशिगनला असतो. सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर घेतलाय, २००८ चं मॉडेल, २४ फुटी. छताला ओळीने चार दिवे आहेत, प्रत्येकात दोन-दोन बल्ब (९२१ नंबरचे, खोबणीत दाबून बसवायचे ते). दाराकडून मोजलं तर पहिले दोन दिवे झकास. तिसरा आणि चौथा पिवळट, मिणमिणते. बेडच्या वर छतात एक्झॉस्ट पंखा आहे, तो लावला की हे दोघं जवळजवळ विझतात आणि पंखाही रडतखडत फिरतो.

विकणाऱ्याच्या अंगणात ट्रेलर बाहेरच्या विजेवर होता, तेव्हा एवढं जाणवत नव्हतं. स्लीपिंग बेअर ड्यून्सच्या डी. एच. डे कॅम्पग्राउंडवर विजेची सोय नाही, सगळं बॅटरीवर. तिथे हे नाटक पूर्ण उघडं पडलं.

आतापर्यंत केलेले उद्योग: बल्ब बदलले. त्या लाइनचा १५ अँपचा फ्यूज काढून पाहिला, ठीक आहे. बॅटरी १२.६ दाखवते. आणि आता खरी गंमत. तिसऱ्या दिव्याचे दोन्ही बल्ब काढून रिकाम्या खोबणीत मीटरच्या पिना लावल्या तर चक्क १२.५ व्होल्ट. मग बल्ब का पेटत नाही?

फिरता टेक्निशियन नुसतं येऊन बघायचे दोनशे डॉलर मागतो, आणि छताचं पॅनेल उतरवावं लागेल हे त्याने फोनवरच सांगून टाकलं. पॅनेल उतरवायची माझी अजिबात इच्छा नाही. कोणी यातून गेलंय का?

पूर्वा_टेक्सास

एलईडी लाव आणि विसरून जा. आमच्या ट्रेलरमध्ये सगळे ९२१ काढून एलईडी घातले, तेव्हापासून बॅटरी रात्रभर पुरते. जुना एक बल्ब १८ वॅट खातो, एलईडी दोन-तीन वॅट. दिवे मिणमिणणं वगैरे सगळं बंद होईल बघ.

सातारी_गॅरेज

मीटर बाजूला ठेवा आधी. आमच्या गॅरेजात पोरगं नवीन आलं की पहिल्या दिवशी त्याच्या हातात टेस्ट लँप देतो. होल्डर, त्यात गाडीचा १२ व्होल्टचा बल्ब, दोन वायरी, टोकाला चिमटे. बस. मीटरला करंट लागत नाही, बल्बाला लागतो. नळाच्या तोंडावर बोट ठेवलं की दाब कळतो, बादली भरंल का नाही ते कळत नाही.

तुमचं कनेक्शन कुठंतरी ढिलं हाय. बहुतेक अर्थ, म्हणजे परतीची निगेटिव्ह वायर. शंभरातल्या नव्वद गाड्यांत अर्थच असतो.

ओहमचा_नियम

सातारी काकांशी सहमत. थोडं विस्ताराने लिहितो, कारण हा प्रश्न दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच.

डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो. म्हणजे १२.५ व्होल्ट मोजताना त्यातून जेमतेम सव्वा मायक्रोअँप करंट वाहतो. मधला जॉइंट गंजून त्याचा रोध पाच ओहम झाला काय किंवा पाचशे झाला काय, एवढ्याशा करंटला तो अडवत नाही, आणि मीटर निरागसपणे १२.५ दाखवतो. त्याच जागी १.४ अँप ओढणारा बल्ब लावलास की अर्धे व्होल्ट त्या जॉइंटवरच खर्ची पडतात. म्हणून रिकाम्या खोबणीत मोजायचं नाही. बल्ब जागेवर ठेवून, दिवा चालू करून मोजायचं. हा एक नियम पाळलास तर छताचं पॅनेल वाचेल.

त्याआधी दोष किती दूरवर पसरलाय ते बघतात. ट्रेलरमधलं सगळंच मंद असेल, म्हणजे दिवे, पाण्याचा पंप, फ्रिजचं कंट्रोल बोर्ड, तर बॅटरीचे टर्मिनल, चेसिसला लावलेला निगेटिव्हचा स्क्रू किंवा कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेचं १२ व्होल्ट डीसी करणारा डबा). एकच दिवा जात असेल तर त्याची खोबणी किंवा त्याच्याच अंगावरचा स्विच. तुझ्याकडे एका फ्यूजवरचे चार दिवे, त्यातले पहिले दोन ठणठणीत आणि पुढचे सगळे आजारी. यापेक्षा सोपी केस मिळत नाही. या ट्रेलरमध्ये वायर फ्यूज पॅनेलपासून पहिल्या दिव्यात, तिथून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी जाते आणि प्रत्येक दिव्याच्या पाठीमागे जॉइंट असतो. तुझा दोष दुसऱ्या आणि तिसऱ्या दिव्याच्या दरम्यान आहे. दोन्हींपैकी एका दिव्याच्या मागे, किंवा मधल्या वायरीत. मधली वायर मी सगळ्यात शेवटी धरेन. इंडियानातल्या एल्खार्टच्या कारखान्यात (बरेच ट्रेलर तिथेच बनतात) एअर गनने स्टेपल ठोकतात, क्वचित एखादी पिन वायरीत घुसते, नाही असं नाही. पण जॉइंट सैल होणं त्याच्या कितीतरी पटीने जास्त.

आता तपासणी. फ्यूज पॅनेलच्या मागे किंवा बाजूला सगळ्या पांढऱ्या वायरी जिथे एकत्र येतात ती निगेटिव्ह पट्टी शोध. तिथून एक लांब वायर (जुनी स्पीकरची चालेल) चिमट्याने लावून बेडपर्यंत आण. मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन या लांब वायरीला, लाल पिन तिसऱ्या दिव्याच्या पांढऱ्या वायरीला, दिवा चालू ठेवून. पांढरी वायर धड असेल तर आकडा ०.१ च्या आसपास येईल. दोन, चार, सहा व्होल्ट आले तर चोर पांढऱ्या बाजूला. असंच काळ्या वायरीसाठी, लांब वायर फ्यूजच्या पुढच्या टोकाला लावून.

पूर्वा, एलईडी चांगलेच, पण आत्ता नको. का ते आकडे आले की सांगतो.

सावधगिरीचं थोडं. अमेरिकन ट्रेलरमध्ये १२ व्होल्टची काळी वायर बहुधा पॉझिटिव्ह असते आणि पांढरी निगेटिव्ह. गाडीची सवय असलेला माणूस काळी म्हणजे अर्थ धरून चालतो. त्यात भर म्हणजे त्याच कपाटात १२० व्होल्ट एसीच्या वायरीही काळ्या-पांढऱ्याच. त्यामुळे पॅनेलचं झाकण उघडण्यापूर्वी बाहेरच्या विजेचा प्लग उपसून ठेव. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद. मोजणी बॅटरीवरच करायची आहे, त्यामुळे अडणार काहीच नाही.

टेम्पोवाली_पुणे

मध्येच घुसते. आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर करतोय, वायरिंग सुरू व्हायचंय. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो निगेटिव्ह वायर कशाला ओढता, जवळच्या पत्र्याला अर्थ मारा. मग या ट्रेलरवाल्यांनी प्रत्येक दिव्याला दोन वायरी का दिल्यात?

ओहमचा_नियम

ट्रेलरच्या भिंती आणि छत म्हणजे लाकडाच्या पट्ट्या किंवा ॲल्युमिनियमची चौकट, त्यावर प्लाय आणि फायबरग्लास. अर्थ मारायला पत्रा आहे कुठे? लोखंडी चेसिस खाली, दिवे वर. म्हणून परतीची वायर पट्टीपर्यंत आणावीच लागते, आणि पट्टी एका जाड वायरीने चेसिसला आणि बॅटरीच्या निगेटिव्हला जोडतात.

तुमच्या टेम्पोला पत्रा आहे, तरीही मी दोन वायरीच ओढेन. आत प्लाय आणि इन्सुलेशन बसल्यावर पत्र्याचा तो स्क्रू कायमचा गाडला जातो. चार पावसाळ्यांनी गंजला की तुम्हीही इथे धागा काढाल.

सातारी_गॅरेज

पुण्याच्या ताई, पत्र्याला अर्थ मारायला हरकत नाही, फक्त रंग खरवडून मारायचा, खाली दातेरी वॉशर घालायचा आणि वर ग्रीस. पोरं रंगावरच स्क्रू मारत्यात आणि मग दिवा लागत नाही म्हणून बल्ब बदलत बसत्यात. पण घर करताय गाडीचं, तर दोन वायरीच बऱ्या.

चाकावरचं_घर

आकडे घेऊन आलोय. तिसऱ्या दिव्यात एकच बल्ब ठेवला, बाकी सगळं बंद, बाहेरचा प्लग काढलेला.

फ्यूज पॅनेलवर १२.५ व्होल्ट.
तिसऱ्या दिव्यात पेटलेल्या बल्बच्या दोन टोकांमध्ये ६.४.
काळ्या बाजूचा ड्रॉप (वाटेत खर्ची पडलेले व्होल्ट) ०.२.
पांढऱ्या बाजूचा ड्रॉप ५.९.

हीच लांब वायर घेऊन दुसऱ्या दिव्यावर गेलो, तो चालू करून पांढरी बाजू मोजली तर ०.०८.

बेरीज अगदी तंतोतंत जुळते हे बघून शाळेतलं फिजिक्स आठवलं. काका, टेस्ट लँपही बनवला. तिसऱ्या दिव्याची काळी वायर आणि पट्टीवरून आणलेली लांब वायर यांच्यात लावला तर लख्ख पेटला. काळी आणि पांढरी यांच्यात लावला तर मिणमिणता.

सातारी_गॅरेज

अर्थ.

ओहमचा_नियम

झालं काम. चोर पांढरा आणि तो दोन नंबरच्या पुढे आहे.

आता एलईडीचं. अर्ध्या व्होल्टेजवर तो बल्ब साधारण एक अँप ओढत असेल. ५.९ व्होल्ट गुणिले एक अँप म्हणजे जवळजवळ सहा वॅट उष्णता त्या जॉइंटवर तयार होतेय, प्लायच्या आणि थर्माकोलच्या कुशीत. सगळे बल्ब आणि पंखा लावला की गणित बदलतं, पण जॉइंट तापतोच, आणि तापला की आणखी सैल होतो. फ्यूजला यातलं काही कळत नाही, कारण फ्यूज जास्त करंट वाहिला तर उडतो. इथे करंट उलट कमी झालाय.

समजा इथे एक एलईडी लावला. तो ०.२ अँप घेणार, सहा ओहमच्या जॉइंटवर सव्वा व्होल्ट पडणार, एलईडीला ११ च्या वर मिळणार आणि तो टकाटक पेटणार. दुखणं गेलं असं वाटेल. तिसऱ्या-चौथ्या दिव्यात मिळून चार लावले की ०.८ अँप, पाचेक व्होल्ट खाल्ले, आणि बहुतेक एलईडी आठ व्होल्टवर लुकलुकून बसतात. वर पंखा आहेच. दुरुस्ती करून मग एलईडी लाव, त्याला माझीही पसंती.

दिवा उतरवताना: दोन स्क्रू असतात, काही दिव्यांत ते काचेच्या आत लपलेले. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढ. प्लग आधीच काढलेला हवा, कारण बाहेरची वीज असेल तर बॅटरी काढली तरी कन्व्हर्टर लाइनला १३.६ व्होल्ट देतच राहतो. बरेच जण इथे फसतात.

बोटीवाला

बॅटरी काढताना एक राहिलं. ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच याच बॅटरीवर चालतो. काम झाल्यावर केबल परत लावल्याशिवाय ट्रेलर रस्त्यावर न्यायचा नाही. आठवण म्हणून हाताला चिकटपट्टी लावून ठेवा पाहिजे तर.

चाकावरचं_घर

सापडला!

तिसरा दिवा उतरवला. मागे तीन इंची भोक, त्यातून वायरी हाताने ओढून बाहेर आल्या, पॅनेलला हातही लावावा लागला नाही. एका पिवळ्या वायर नटमध्ये (प्लास्टिकची पिळून बसवायची टोपी) चार पांढऱ्या वायरी कोंबलेल्या: दुसऱ्या दिव्याकडून येणारी, चौथ्याकडे जाणारी, पंख्याची आणि या दिव्याची स्वतःची. येणारी वायर हलक्या हाताने ओढली तर टोपीतून सुटूनच आली. तांबं आत हिरवं पडलेलं, टोपी आतून तपकिरी. शेजारची काळ्या वायरींची टोपी मात्र नव्यासारखी.

कापून मागे मागे जातोय तरी तांबं अजून काळपटच. दीड इंच गेलं. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापू का? मग वायर आखूड पडणार. आणि जोडायचं कसं? परत वायर नट नको असं वाटतंय.

नीलमोहर

हिरवं पडलं म्हणजे पाणी पोचलंय. आधी ते बघा कुठून आलं. पंख्याच्या शेजारचाच दिवा ना हा?

बोटीवाला

चकचकीत लागेपर्यंत कापा. बारीक तारांच्या वायरीत ओल केशाकर्षणाने इन्सुलेशनच्या आत चढते, काळपट तारेवर केलेला क्रिंप (दाबून बसवलेला जॉइंट) वर्षभरात परत हाच धागा उघडायला लावेल. आखूड पडली तर १४ गेजचाच तुकडा जोडा (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक). फ्यूज १५ अँपचा आहे, त्याला १४ गेज हवी. १६ किंवा १८ हाताशी आहे म्हणून तीच लावली असं करू नका.

वायर नट घराच्या भिंतीतल्या एकसंध तारेसाठी ठीक. इथे बारीक तारांची वायर आणि घर रस्त्यावर साठ मैलाने धावतंय. हादऱ्याने ती सैल होणारच.

बोटींवर आम्ही आतून गोंद असलेले हीट श्रिंक बट कनेक्टर वापरतो, म्हणजे दोन वायरींची टोकं समोरासमोर घालून दाबायची नळी, तापवली की आक्रसणारी. लाल बारीक वायरीला, निळा १६-१४ गेजला, पिवळा १२-१० ला. रॅचेटवाल्या क्रिंपरने दाबायचे, साध्या पक्कडीने नाही. ओढून बघायचे, मग हीट गनने तापवायचे. गोंद कडेने बाहेर आला की ओलीचा प्रश्न मिटला.

सातारी_गॅरेज

आमी आजवर पिळून सोल्डर मारत आलोय आणि टेप. ट्रक काश्मीरला जाऊन आलेत. एक जॉइंट सुटला नाही.

बोटीवाला

काका, तुमच्या हाताला सवय आहे. पण सोल्डर तारांच्या आत शोषला जातो आणि जिथे संपतो तिथे वायर ताठ होते. हादऱ्याने तिथेच तुटते. अमेरिकेत बोटींच्या वायरिंगसाठी एबीवायसी (अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल) या संस्थेचं ई-११ मानक आहे, त्यात म्हटलंय की वायर धरून ठेवण्याचं काम एकट्या सोल्डरवर सोडायचं नाही. आधी यांत्रिक पकड हवी.

सातारी_गॅरेज

पिळलं की पकड झाली की. तुमचं मानक बोटीचं, आमचं घाटाचं. बरं, सोल्डरच्या जॉइंटला पुढं-मागं क्लिप मारून वायर हलू द्यायची नाही, एवढं तरी मान्य करा.

बोटीवाला

हे शंभर टक्के मान्य. कुठलाही जॉइंट केला तरी वायर लटकत ठेवायची नाही.

ओहमचा_नियम

चार वायरी एकत्र आणायच्या आहेत, त्यामुळे नुसत्या बट कनेक्टरने भागणार नाही. मी लीव्हरवाला पाच खाचांचा कनेक्टर वापरेन, वॅगो २२१ मालिकेतला. बारीक तारांच्या वायरीला चालतो, ४ चौरस मिलिमीटरपर्यंत, आणि १४ गेज म्हणजे दोनच्या जरा वर. चार वायरी बसून एक खाच मोकळी राहते, पुढेमागे मोजायला सोयीची. ११ मिलिमीटर सोलायचं, लीव्हर दाबायची, प्रत्येक वायर ओढून बघायची.

वाढवलेला तुकडा मात्र बोटीवाल्यांच्या पद्धतीने, निळा हीट श्रिंक बट.

बोटीवाला

लीव्हर कनेक्टर पाणी अडवत नाही, तेवढं लक्षात असू द्या. ओल येणाऱ्या जागी मी लावणार नाही.

ओहमचा_नियम

ओल येणं थांबवायचं आहेच की. पाणी झिरपतं तिथे कुठलाच जॉइंट सुखाने नांदत नाही, आणि तेव्हा वायरीपेक्षा लाकूड आधी जातं. पण मुद्दा रास्त आहे. कनेक्टर भोकाच्या कडेपासून बाजूला बांध आणि वायरींना खाली झोल दे, म्हणजे थेंब आलाच तरी झोलाच्या तळाशी गळेल.

नीलमोहर

म्हणूनच विचारत होते. पंख्याची चौकट छताला जिथे बसते तिथलं सीलंट बघा. शिडी लावून वर जा, पण पाय टाकण्याआधी छत हाताने दाबून बघा, स्पंजासारखं लागलं तर चढू नका. स्क्रूच्या डोक्यांवर पांढऱ्या सीलंटला भेगा असतील किंवा कडा उचलल्या असतील.

रबरी छत असेल तर साधं सिलिकॉन लावू नका. ते नीट धरत नाही आणि पुढे त्यावर दुसरं काही चिकटत नाही. सेल्फ लेव्हलिंग लॅप सीलंट मिळतं, आपोआप पसरतं. छत पुसायला पेट्रोलियमचं सॉल्व्हंट वापरायचं नाही, छताचं ईपीडीएम जातीचं रबर फुगतं. आमच्याकडे शेजाऱ्याने चांगल्या मनाने ते करून दिलं होतं. छत नवीन घालावं लागलं. शेजारीही हल्ली जरा जपूनच बोलतो.

आणि वायरी झाकण्याआधी भोकात हात घालून इन्सुलेशन ओलं आहे का बघा. ओलं असेल तर दिवा दोन-तीन दिवस उघडाच ठेवा, छोटा पंखा लावून.

चाकावरचं_घर

नीलमोहर, नेमकं तेच निघालं. पंख्याच्या चौकटीची समोरची कड, म्हणजे चालताना वाऱ्याला तोंड देणारी, तिथे सीलंट बोटभर लांब फाटलेलं. आत इन्सुलेशन दमट होतं, ओलंचिंब नव्हतं. प्लायवर डाग आहे पण टोचून पाहिलं, लाकूड घट्ट आहे.

छताचं काम आधी केलं. जुनं सुटलेलं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं, जागा पुसून वाळवली, नवीन ओतलं. मग वायरी. येणारी पांढरी वायर जवळजवळ चार इंच कापावी लागली तेव्हा कुठे लालसर तांबं दिसलं. १४ गेजचा तुकडा निळ्या बटने जोडला, चारही पांढऱ्या वायरी लीव्हर कनेक्टरमध्ये. काळ्यांची टोपी चांगली होती, तरी तीही काढून तसंच केलं, दिवा उघडलेलाच होता. दोन्ही कनेक्टर वरच्या लाकडी पट्टीला क्लिपने धरून ठेवलेत.

नवीन आकडे, बॅटरीवरच, जुनेच बल्ब:

एकच बल्ब चालू: तिसऱ्या दिव्यात १२.३, पांढरा ड्रॉप ०.०७.
सगळे आठ बल्ब आणि पंखा: तिसऱ्या दिव्यात ११.५.

पंखा आता असा फिरतो की पडदे हलतात. फक्त ते ११.५ बघून शंका आली. अजून कुठे काही राहिलंय का?

ओहमचा_नियम

नाही, ती वायरीची स्वतःची किंमत आहे. १४ गेजचा रोध शंभर फुटाला पाव ओहम. आठ बल्ब म्हणजे ११ अँपच्या वर, पंख्याचे दोनेक धर. पॅनेलपासून तिसऱ्या दिव्यापर्यंत जाऊन-येऊन पस्तीस-चाळीस फूट वायर असेल, तर एक व्होल्टच्या आसपास पडणारच, आणि एवढ्या लोडला बॅटरीही थोडी खाली येते. शिवाय १५ च्या फ्यूजवर १३-१४ अँप म्हणजे काठावरच. उडायला लागला तर २० चा घालायचा मोह होईल, तो आवर. वायर १४ गेज आहे तोवर फ्यूज १५ चाच.

आता पूर्वाचं ऐक. आठ एलईडी मिळून दीड अँप. ड्रॉप नावापुरता उरेल.

पूर्वा_टेक्सास

अखेर मला न्याय मिळाला :)

घेताना १० ते ३० व्होल्ट लिहिलेले घे. स्वस्तातले फक्त १२ व्होल्टवाले कन्व्हर्टरच्या १३.६ ला आणि चार्जिंगच्या १४.४ ला तापतात आणि जातात. जुना गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मरवाला कन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर लुकलुकतातही. रंग वॉर्म व्हाइटच घे, आम्ही आधी कूल घेतले होते, जेवताना ऑपरेशन थिएटरमध्ये बसल्यासारखं वाटायचं.

टेम्पोवाली_पुणे

हा धागा आमच्या इलेक्ट्रिशियनला वाचून दाखवला. तो म्हणाला सातारचे काका बरोबर बोलतायत, बाकीचे जास्त बोलतायत. पण दोन वायरी ओढायला तयार झालाय.

एक विचारायचं होतं, दिव्यांची लाइन आणि पंखे-पंप यांची लाइन वेगळी ठेवावी का?

ओहमचा_नियम

ठेवा. पंप सुरू झाला की दिवे दचकत नाहीत, आणि एक फ्यूज उडाला तर दुसरा शोधायला उजेड राहतो. आणि जॉइंट जिथे जिथे येईल तिथे झाकण उघडता येईल असं ठेवा, प्लायच्या मागे पुरू नका. त्याच्या मागे कुठली वायर कुठून कुठे गेली याचे फोटो काढून ठेवा, प्लाय बसल्यावर काही आठवत नाही.

चाकावरचं_घर

एलईडी आले आणि बसवले. आठपैकी सहा पेटले, दोन नाही. दोन्ही पहिल्या दिव्यातले. बल्ब चांगले आहेत, दुसऱ्या खोबणीत पेटतात. मीटर, लोडवर बरं का, १२.४ दाखवतो. आता हे काय?

पूर्वा_टेक्सास

उलटे करून लाव. काढायचा, अर्धा फिरवायचा, परत दाबायचा. काही एलईडींना पोलॅरिटी लागते, म्हणजे प्लस-मायनस ठरलेल्या बाजूलाच हवं. साध्या बल्बाला काही फरक पडत नाही, त्यामुळे कारखान्यात त्या दिव्याच्या वायरी उलट जोडल्या गेल्या असतील तरी इतकी वर्षं कोणाला कळलं नसणार.

चाकावरचं_घर

पेटले दोन्ही. मीटर पुन्हा लावून पाहिलं, पहिल्या दिव्यात खरंच उलट आहे, आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह होतं ते मी बघितलंच नाही. वायरी सरळ करू का राहू देऊ?

सातारी_गॅरेज

राहू द्या. पण दिव्याच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा.

ओहमचा_नियम

काकांना अनुमोदन. फक्त पुढे तिथे यूएसबीवाला दिवा किंवा डिमर लावलास तर आधी सरळ कर, ते उलट्या वायरीवर जळतात.